कंपनीचं रीब्रँडिंग चालूय, नव्या लोगोत जुन्यातलं किती ठेवायचं?

रेघोट्या
नमस्कार मंडळी. मी एका कंपनीत इन-हाऊस डिझायनर आहे, म्हणजे ब्रोशरपासून साहेबांच्या स्लाइडपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. आता मॅनेजमेंटने रीब्रँडिंग काढलंय. कंपनी आधी मशीनचे पार्ट बनवायची, आता त्या मशीनवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर विकण्यावर भर आहे, त्यामुळे नाव तेच पण लोगो नवा हवाय.

जुना लोगो असा: निळा गोल, त्याला गिअरसारखे दाते, आत इंग्रजी 'आर', त्या 'आर'चा पाय गोलाच्या थोडा बाहेर आलेला, खाली पूर्ण नाव, त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात टॅगलाइन, आणि वरून ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा) नि शॅडो.

ब्रीफ काय मिळालं, तर "मॉडर्न पाहिजे, क्लीन पाहिजे, पण बघताक्षणी आपला वाटला पाहिजे". सेल्सवाले म्हणतात गिअरला हात लावू नकोस, कस्टमर त्यावरूनच ओळखतो. सॉफ्टवेअर टीम म्हणते गिअर दिसला तर आम्ही राजीनामे देऊ (गंमतीत म्हणतात, बहुतेक). एचआरला सगळ्या स्टाफचं ऑनलाइन मतदान घ्यायचंय. आणि डायरेक्टर साहेब प्रत्येक मीटिंगला "छान आहे, अजून दोन ऑप्शन दाखव" म्हणून उठतात, ढीगभर झाले आता.

दोनच प्रश्न. जुन्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवायची काही पद्धत असते का, की सगळा अंदाजपंचे कारभार? आणि मतदान घेऊ द्यावं का?

बाराखडी_बाई
पद्धत आहे आणि ती फुकट आहे. ऑफिसमधल्या लोकांना एकेक कोरा कागद दे आणि जुना लोगो न बघता, आठवणीतून काढायला सांग. चित्रकला बघायची नाही, काय आठवतं ते बघायचं. जमलं तर दोन-चार कस्टमरकडूनही काढून घे. बहुतेक कागदांवर जे येईल ती तुमची खरी ओळख, आणि जे कोणालाच आठवत नाही ते टाकलं तर कोणी रडणार नाही. सेल्सवाल्यांशी गिअरवरून तोंडी वाद घालत बसू नकोस, कागद पुढे टाक.

हे न करता साफसफाई केली की काय होतं त्याचं नेहमीचं उदाहरण गॅप या कपड्यांच्या कंपनीचं. निळा चौकोन आणि त्यात पांढरी उंच सेरिफ (टोकांना छोट्या रेघा असलेली) अक्षरं, वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यात बसलेलं. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ते काढून साध्या हेल्व्हेटिका फाँटात नाव लिहिलं आणि 'पी'च्या मागे एक छोटा ग्रेडियंटवाला निळा चौकोन डकवला. इतकी बोंबाबोंब झाली की आठवड्याभरात जुना परत. माझ्या मते नवा लोगो फार वाईट होता असंही नाही, तो कोणाचाही असू शकला असता हा प्रॉब्लेम होता.

ट्रॉपिकाना या ज्यूसवाल्यांना तर अजून महागात पडलं. २००९ मध्ये त्यांनी खोक्यावरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढून रसाचा ग्लास टाकला, विक्री साधारण २० टक्के पडली आणि दोनेक महिन्यांत जुनं खोकं परत आणावं लागलं. रस तोच, फक्त फडताळावर लोकांना आपलं खोकं सापडेना. तुझ्या कंपनीचं 'संत्रं' कुठलं आहे ते आधी शोध.

तिरकस
बाईंचं पटतंय पण पूर्ण नाही. ओळख ओळख करत बसलात तर रीब्रँडिंग करताय कशाला? धंदाच बदललाय ना. जुन्या कस्टमरला गिअर आठवतो, पण नवा कस्टमर, ज्याला सॉफ्टवेअर घ्यायचंय, तो गिअर बघून समजतो की हे पार्टवाले आहेत आणि पुढे जातो. त्याच्याकडून कागदावर काय काढून घेणार, त्याने लोगो बघितलेलाच नाही.

शिवाय गॅपचं उदाहरण सगळे देतात, पण कुरिअरवाल्या फेडएक्सचं उलट बाजूने कोणी देत नाही. १९९४ मध्ये त्यांनी फेडरल एक्सप्रेसचं लांबलचक नाव आखडून लोकांच्या तोंडात बसलेलं फेडएक्स घेतलं आणि लोगो मुळापासून नवा केला. 'ई' आणि 'एक्स'च्या मधला बाण सगळ्यांना माहीत आहे, पण तो आपोआप आलेला नाही, डिझायनर लिंडन लीडर यांनी युनिव्हर्स आणि फ्युचुरा या दोन फाँटांचे गुण एकत्र करून अक्षरं स्वतः घडवली तेव्हा कुठे ती फट नीट बाणासारखी झाली. जांभळा-केशरी रंग सोडले तर जुन्यातलं फारसं काही राहिलं नाही.

म्हणून आधी साहेबांना विचार, नवा लोगो कोणासाठी? असलेल्यांना धरून ठेवायला की नवीन गाठायला? याचं उत्तर नसेल तर शंभर ऑप्शन दिलेस तरी एकशेएकावा मागतील.

जुना_प्रेसवाला
वरचे दोघं मोठमोठ्या गोष्टी बोलले, मी खालच्या बोलतो. तुझा जुना लोगो मी न बघताच सांगतो की तो शर्टाच्या खिशावर एम्ब्रॉयडरीला दिला की दाते एकमेकात मिसळत असणार आणि टॅगलाइनच्या जागी दोऱ्याचा गुंता येत असणार. ग्रेडियंट रबर स्टँपवर येत नाही, व्हिनाइल कटिंगला येत नाही, एकरंगी छपाईत नुसता करडा डाग दिसतो.

नवा लोगो आधी एका रंगात काढ, काळ्यात. तिथे उभा राहिला तरच रंग भर. मग तोच ब्राउजरच्या टॅबवर १६ बाय १६ पिक्सेलमध्ये टाकून बघ, काळ्या बॅकग्राउंडवर पांढरा करून बघ (डार्क मोडला निळा गडप होतो, हे आजकालचं नवीन दुखणं), आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढून बघ. निळा निवडताना पण जपून, स्क्रीनवर जो झगझगीत निळा दिसतो तो चार रंगांच्या छपाईत तसा येतच नाही, मेलेला नाहीतर जांभळट येतो, आणि मग सगळे प्रेसवाल्याच्या नावाने खडे फोडतात. पँटोनचा (ठरलेल्या शाईरंगाचा) नंबर आणि सीएमवायकेचे (छपाईच्या चार रंगांच्या मिश्रणाचे) आकडे स्वतः ठरवून दे, सॉफ्टवेअरने आपोआप बदललेले नकोत.

स्लॅक या ऑफिसातल्या चॅटिंगच्या अ‍ॅपचा जुना हॅशचा (#) लोगो आठवतो का? अकरा रंग होते त्यात, आणि बरोब्बर १८ अंशात तिरका. पांढरं सोडून दुसऱ्या रंगावर ठेवला की गेला, कोन चुकला की गेला. शेवटी २०१९ मध्ये बदलला आणि कंपनीने स्वतःच हे कारण लिहिलं. फॅशन म्हणून नव्हे, वापरताना रोज त्रास होत होता म्हणून. तुझ्या मॅनेजमेंटला असलं कारण पटकन कळेल, 'मॉडर्न' म्हणजे काय यावर वाद होतो, पण शर्टावर वाचता येत नाही यावर काय वाद घालणार.

आणि लोगोची फाईल म्हणून मेलमधून ओढलेली जेपीजी पाठवू नये, ही सगळ्या जगाला विनंती.

मीटिंगग्रस्त
मतदान अजिबात घेऊ देऊ नकोस. लोक चांगला लोगो निवडत नाहीत, ओळखीचा निवडतात, नाहीतर ज्यात काहीच खटकत नाही तो. आणि हरलेल्या पर्यायाला मत दिलेले सगळे वर्षभर म्हणत बसतात की आमचाच बरा होता. एचआरला स्टाफचा सहभाग हवा असेल तर बाईंचा कागदवाला प्रकार त्यांच्या हातात दे, तेही खूश आणि तुला खरोखरची माहिती मिळेल.

साहेबांच्या "अजून दोन"वर उपाय म्हणजे ऑप्शनच कमी कर. पॉल रँड या नामांकित डिझायनरना स्टीव्ह जॉब्सने १९८६ मध्ये त्याच्या नेक्स्ट या कॉम्प्युटर कंपनीच्या लोगोसाठी बोलावलं तेव्हा विचारलं होतं, दोन-चार पर्याय द्याल का. रँडनी सरळ नाही सांगितलं, मी तुमचा प्रॉब्लेम सोडवीन, तुम्ही पैसे द्याल, वापरायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. एक लाख डॉलर घेतले आणि एकच लोगो दिला, सोबत तो असाच का हे समजावणारी छोटी पुस्तिका. आता तू काही रँड नाहीस आणि मीही नाही, असं बोललो तर दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं करावं लागेल, पण ती पुस्तिकेची आयडिया उचलण्यासारखी आहे. पांढऱ्या पानाच्या मध्यभागी लोगो ठेवून दाखवला की समोरचा फक्त "आवडला का" एवढंच बघतो. त्याऐवजी इन्व्हॉइसवर, अ‍ॅपच्या आयकॉनवर, मशीनवरच्या स्टिकरवर, गेटवरच्या बोर्डावर, जुना आणि नवा शेजारी शेजारी. मग चर्चा आवडीवरून कामावर येते.

पहिल्या नजरेत कोणी प्रेमात पडलं नाही तर घाबरू नकोस. नाइकीचा स्वूश (ती टिकमार्कसारखी खूण) १९७१ मध्ये एका डिझाइनच्या विद्यार्थिनीने, कॅरोलिन डेव्हिडसनने, ३५ डॉलरमध्ये केला, आणि कंपनीचा सहसंस्थापक फिल नाइटचं म्हणणं साधारण असं होतं की मला फार आवडलेला नाही, पण आवडायला लागेल हळूहळू.

रेघोट्या
सगळ्यांचे आभार, एवढ्या उत्तरांची अपेक्षाच नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत कागद वाटले. टॅगलाइन एकानेही काढली नाही, जी टॅगलाइन हलवायची नाही म्हणून तीन मीटिंग झाल्यात. गिअर सेल्सच्या लोकांनी काढला पण प्रत्येकाचे दाते वेगळे, एकाने तर सूर्य काढलाय. ग्रेडियंट, शॅडो शून्य. पण गोल सगळ्यांनी काढला, आणि 'आर'चा बाहेर आलेला पाय जवळजवळ सगळ्यांनी! स्टोअरचे एक काका आहेत, पेन हातात घ्यायला तयार नव्हते, त्यांनी गोल काढला, 'आर' काढला आणि पाय ओढताना पेन कागदाच्या कडेपर्यंत नेलं आणि म्हणाले, "हा असा लाथ मारतो ना." मी इतकी वर्षं तो लोगो रोज वापरतोय, मला ते कधी दिसलंच नव्हतं.

साहेबांनाही विचारलं, @तिरकस म्हणाले तसं, कोणासाठी. जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले नवीन कस्टमर हवेत पण जुन्यांना आपली कंपनी विकली गेलीय असं वाटायला नको. म्हणजे निदान कोणता शब्द पुढे आणि कोणता मागे ते कळलं.

बाराखडी_बाई
काकांना टीममध्ये घे :)
मग गोल आणि लाथ ठेव, बाकी सगळं खुशाल जाऊ दे. मास्टरकार्डने हेच केलं, २०१६ मध्ये वर्तुळांवरचं नाव उचलून बाहेर ठेवलं, २०१९ मध्ये लोगोतून नावच काढलं, लाल-पिवळी गुंतलेली वर्तुळं तेवढी राहिली आणि कोणाचं काही अडलं नाही. तुम्ही नाव मात्र इतक्यात काढू नका, तेवढे प्रसिद्ध नाही आहात.

तिरकस
ठीक आहे, दाते गेले तर माझी तक्रार नाही. फक्त अक्षरं करताना सध्याच्या त्या जाड, गोलमटोल सॅन्स सेरिफच्या (टोकांना रेघा नसलेल्या अक्षरांच्या) लाटेत जाऊ नका. फॅशनवाल्या बर्बेरीने २०१८ मध्ये तसं केलं आणि २०२३ मध्ये परत सेरिफवर आणि लोगोतल्या जुन्या घोडेस्वारावर आले.

शेवटची_फायनल_व्ही७
कोरडं पण महत्त्वाचं. फाँट वापरणार असाल तर लायसन्समध्ये लोगोसाठी परवानगी आहे का ते वाचा, सगळ्यात नसते. ट्रेडमार्कचा सर्च साहेबांना दाखवायच्या आधी करा, मन बसल्यावर नाही. आणि जुना लोगो कुठे कुठे आहे याची यादी आत्तापासून करा, मेलच्या सह्या, इन्व्हॉइसचा टेम्प्लेट, सॉफ्टवेअरचं लॉगिन पान, मशीनच्या साच्यात कोरलेला असेल तर तो. साचा बदलायला सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तोच शेवटी आठवतो.

रेघोट्या
साचा!! बरं झालं बोललात, आहे कोरलेला.
एक शेवटचा प्रश्न, प्रेसवाले दादा. पाय गोलाच्या बाहेर येतो, आणि सोशल मीडियाचा प्रोफाइल फोटो गोलातच कापला जातो. म्हणजे नेमकी लाथच कापली जाते. लोगो लहान करून आत बसवला तर ठिपका दिसतो.

जुना_प्रेसवाला
प्रोफाइलसाठी वेगळी आवृत्ती कर. आपला गोल काढूच नको, त्यांचा गोल आहेच. सगळा चौकोन निळा भर, त्यावर पांढरा 'आर' मोठा, आणि पाय उजव्या खालच्या बाजूला कडेच्या पलीकडे जाऊ दे, त्यांच्या कात्रीने कापला तरी बाहेर निघाल्यासारखाच वाटेल. १६ पिक्सेलवाल्याला मात्र पायाची जाडी थोडी वाढव आणि 'आर'च्या पोटातली पांढरी जागा मोठी कर, नाहीतर भरून जाते. मूळ फाईल नुसती लहान करून चालत नाही तिथे, हाताने पिक्सेलवर बसवावी लागते. झाला की टाक इथे, एकरंगीवाला आधी.