ओरलँडोच्या डिस्ने पार्कातल्या रांगा आणि पैसे भरून पुढे जाणं: अनुभव लिहा

प्राजक्त
जुना अल्बम आवरताना डिस्नेचा कागदी फास्टपास, म्हणजे लांब रांग टाळायचा पास, सापडला. १९९९ला सुरू झाला तेव्हा फुकट होता; २०२१पासून त्याच्या जागी आलेल्या पासला पैसे मोजावे लागतात. सुट्टीत बरेच जण आईबाबांना, मुलांना घेऊन निघतील, म्हणून धागा. आताचा पास म्हणजे लायटनिंग लेन मल्टी पास; तो माणशी घ्यायचा, त्याचा दर दिवसागणिक बदलतो. राइडमध्ये न बसणाऱ्या आजी-आजोबांचा घेऊ नका. ३ वर्षांखालच्या बाळाला तर तिकीटही लागत नाही.

रानजाई
डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार असाल तर ७ दिवस आधी बुकिंग, बहुतेक बाकीच्यांना ३ दिवस. सकाळी ७ला, फ्लोरिडाच्या घड्याळाने. सगळ्यांची तिकिटं आदल्या दिवशीच डिस्नेच्या ॲपमध्ये जोडून ठेवा, कार्डही. ऐन ७ला जोडत बसलात की चांगल्या वेळा गेल्या! आधी बुक करता येणाऱ्या तीन राइड सकाळच्याच घ्या. पहिली स्कॅन झाली की पुढची बुक करता येते. तिन्ही दुपारच्या घेतल्या तर तोवर हात बांधलेले.

चाफा_पुणे
भारतातून बुक करून देणार असाल तर उन्हाळ्यात संध्याकाळी ४:३०, थंडीत ५:३०.

मधला_वाडा
साधी रांग छोटी दिसते पण हलत नाही, कारण साधी आणि पासवाली अशा दोन्ही रांगा जिथे मिळतात तिथे पासवाल्यांचा मोठा घोळका आधी सोडतात, मग साध्या रांगेतले थोडे. माणसं मोजू नका, पाटीवरची मिनिटं बघा. पार्क बंद व्हायच्या आत रांगेत शिरलात तर राइड मिळते.

ओवी
लहान मूल असेल तर रायडर स्विच मागा, पैसे नाहीत. सगळे मिळून दाराशी जायचं आणि तिथल्या कर्मचाऱ्याला सांगायचं. एक पालक मुलाजवळ थांबतो आणि नंतर लांब रांग न लावता जातो. उंची घरीच मोजा: सेव्हन ड्वार्फ्स राइडला किमान ३८ इंच लागते, स्पेस माउंटनला ४४, ट्रॉनला ४८. उंची भरली नाही तर पास असूनही सोडत नाहीत, लेकरं रडवेली होतात हो.

प्राजक्त
@ओवी ताई, हे फार महत्त्वाचं. आईंसाठी व्हीलचेअर घेतली तर पुढे सोडतात का?

ओवी
नाही. विमानतळासारखं नाही ते. बहुतेक रांगांतून खुर्ची जाते, म्हणून रांग सगळ्यांबरोबरच. पण चालणं वाचतं, जरूर घ्या.

रानजाई
भावंडांचे मॅजिकबँड (पास स्कॅन करायचे मनगटी पट्टे) अदलाबदल होतात! राइडच्या दारातल्या खांबाला पट्टा लावल्यावर त्यावरचा गोल दिवा हिरवा झाला तर आत, निळा झाला तर बाजूला उभं राहायचं. पट्ट्याला आतून नाव चिकटवा.

चाफा_पुणे
थेपले नेऊ देतात का आत?

मधला_वाडा
खुशाल न्या, काचेची बरणी तेवढी नको. लोणचं प्लास्टिकच्या डबीत. काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, मागायचं.
आणि राइड ऐनवेळी बंद पडली तर पास वाया जात नाही, ॲपमध्ये बदली पास येतो. त्याच दिवशी वापरा, आणि कुठल्या राइडवर चालेल ती यादी उघडून बघा. सगळ्यांवर नाही चालत.