मदत हवी आहे: विश्वास कमी पडला म्हणून प्रार्थना ऐकली गेली नाही का?

सर्वांना सलाम. मी नाशिकची, शरणपूर भागात राहते. आईचं आजारपण दोन वर्षं चाललं. घरी रोज प्रार्थना, शुक्रवारी उपास, फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेलाही गेलो (ती कॅथलिकांची यात्रा, आम्ही प्रोटेस्टंट, पण आईची इच्छा होती). एप्रिलमध्ये ती गेली. भेटायला आलेल्या एक काकू म्हणाल्या, "विश्वास कमी पडला गं." ते वाक्य मनातून जातच नाही.

बायबलमध्ये मार्क 11:24 इथे येशू सांगतो, प्रार्थनेत जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा. पण अटकेआधी गेथशेमाने बागेत त्यानेच दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं आणि शेवटी पित्याच्या इच्छेवर सोडलं. प्रेषित पौलाने 'शरीरातला काटा' (त्याला छळणारा एक त्रास) निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं; काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर आलं. यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

ही वचनं एकत्र कशी वाचायची? कुणी पाळकांकडून हे नीट समजून घेतलं असेल, किंवा घरात असं दुःख पाहिलं असेल, तर कृपया लिहा. बाबा तेव्हापासून प्रार्थनेला बसत नाहीत. त्यांना काय सांगू?