महिन्याची ठरलेली कमाई नसताना पत कशी सांभाळली? अनुभव लिहा

मेंदीचंपान: काल माळा आवरताना आईचं बचत गटाचं पासबुक सापडलं. दर महिन्याला ५० रुपये, शिक्का, अध्यक्षबाईंची सही. बाबा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. तुळशीचं लग्न लागलं की घरात पैसा, आषाढ लागला की दुकानात उधारी. मी नवरीचा मेकअप करते, म्हणजे चक्र तेच.

२०१९ ला स्कूटीसाठी कर्ज मागायला गेले तर बँकेतले म्हणाले, तुमचा सिबिल (कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारा पतगुण) उणे एक. मला वाटलं माझ्या नावावर काहीतरी बुडालंय. बाहेर येऊन रडले. नंतर कळलं, कधी कर्जच घेतलं नाही म्हणून नोंदच नाही. किराणावाल्याचे पैसे एकदाही थकवले नाहीत, पण ते बँकेला कुठून दिसणार?

मग २०,००० ची एफडी ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. त्यावर फक्त वीजबिल आणि मोबाईल, आणि पूर्ण बिल तारखेच्या आत. दीड वर्षाने त्याच शाखेतून स्कूटी घेतली. सीझनचे सगळे पैसे आता वेगळ्या खात्यात जातात, तिथून १ तारखेला १८,००० घरखर्चाला. लग्न एक असो की अकरा, १८,०००च.

तुम्ही आषाढ कसा काढता?

शब्दवेडी: ताई, रडू आलं वाचून. मी भाषांतरं करते, पैसे ६० दिवसांनी, कधी ९०. कार्डाचं बिल आलं की 'किमान रक्कम' भरायचे, वाटायचं हप्ता भरला. महिन्याला साडेतीन टक्के लागत होते, म्हणजे वर्षाला बेचाळीस! शेवटी पाटल्या तारण ठेवून कार्ड मोकळं केलं. सोनेतारणाचं व्याज त्याच्या पावसुद्धा नव्हतं. कुकर झालाय, बाकी नंतर

उसाचाफड: आमचं वर्षाला एकदाच. ऊस गेला की १४ दिवसांत बिल द्यायचं असा कायदा आहे, आम्हाला दोन-दोन महिने थांबावं लागलंय. गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं तर ३ लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं, म्हणून हातउसने घेऊन भरायचं आणि नवंजुनं करून (जुनं कर्ज फेडून लगेच नवं उचलून) ते परत करायचे. ते चार दिवस झोप नसते. एकदा मेव्हण्याने बायकोला न सांगता पैसे दिले, ते विसरणार नाही.

रातराणी: बँड कुठला हो? आमच्या लग्नात ट्रम्पेटवाल्या काकांनी वरात दारात थांबवून एकच गाणं तीनदा वाजवलं होतं, आजी नाचली होती!!

वाटसरू_नगर: माझं स्वतःचं एक पैशाचं कर्ज नाही. मावसभावाला जामीन राहिलो, त्याने हप्ते थकवले, मला कळलं तीन वर्षांनी, माझं घराचं कर्ज नाकारलं तेव्हा. जामीनकीही आपल्या क्रेडिट रिपोर्टमध्ये येते. सिबिलसारख्या अशा नोंदी ठेवणाऱ्या चार संस्था आहेत, प्रत्येकीकडून वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो. आजच काढा.

शब्दवेडी: @वाटसरू बोलता का भावाशी अजून?

वाटसरू_नगर: मावशीसाठी बोलतो.

कोथिंबीरजुडी: आईची भाजीची गाडी. सकाळी एकाकडून ९०० उसने घ्यायचे, संध्याकाळी १,००० परत, अशी वीस वर्षं. २०२० ला स्वनिधीचे (फेरीवाल्यांसाठीची सरकारी कर्जयोजना) १०,००० मिळाले, मग २०,०००, मग ५०,०००. बँकेतलं पहिलं कर्ज वयाच्या ५४ व्या वर्षी. हप्त्याच्या आदल्या दिवशी मला दोनदा फोन करते, खात्यात पैसे आहेत ना बघ. तो सकाळचा माणूस अजून मंडईत येतो. आई त्याला फक्त चहा देते.

मेंदीचंपान: @कोथिंबीरजुडी आईंना माझा नमस्कार सांगा. @रातराणी बँड साताऱ्याकडचा, बाबा आता नाहीत. आजी नाचल्याचं आईला वाचून दाखवलं, ती विचारतेय गाणं कोणतं होतं?

नवीनआलेय: मेंदीताई, भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे, पनवेलला याल का?