पॉइंट टू टू रायफलला हलका फ्री-फ्लोट हँडगार्ड: लाकडाचा हट्ट सोडायची वेळ आली का?

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

विषय मोजक्या लोकांचा आहे, पण आपल्या सातारा-सांगलीकडं आता ५० मीटर मारणारी पोरं-पोरी वाढायला लागलीत म्हणून या फोरमवर मांडतेय. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्याकडं बोल्ट ॲक्शन (दर शॉटला हातानं बोल्ट ओढायची) पॉइंट टू टू (.२२ बोअर) स्पोर्टर रायफल आहे त्यानं मूळ लाकडी स्टॉक (खांद्याला लावायचा लाकडी सांगाडा) कपाटात ठेवावा आणि ॲल्युमिनियम चॅसी (स्टॉकच्या जागी येणारा धातूचा सांगाडा) घेऊन तिला पुढं हलका फ्री-फ्लोट हँडगार्ड (बॅरलखाली हात धरायचं आवरण) लावावा.

नवीन लोकांसाठी सांगते, फ्री-फ्लोट म्हणजे बॅरल (नळी) फक्त मागं ॲक्शनला (बोल्टवाल्या भागाला) धरलेलं असतं, पुढं कशालाच टेकत नाही. हात, स्लिंग (दंडाला बांधायचा पट्टा), बायपॉड (दोन पायांचा टेकू) सगळ्याचा भार बाहेरच्या आवरणावर. गोळी सुटताना बॅरल थरथरतं आणि ते दर शॉटला सारखंच थरथरलं तर ग्रुप जमतो, म्हणजे गोळ्या जवळजवळ पडतात, कुठं काही टेकलं की गेलं.

आता आमच्या साताऱ्याचा पावसाळा. मे महिन्यात बॅरल आणि लाकूड यांच्यामधनं शंभराची नोट घालून ओढली तर पार ॲक्शनपर्यंत सरळ जायची. ऑगस्टमध्ये तीच नोट डाव्या बाजूला निम्म्यात अडकायला लागली, बाहेरनं बघितलं तर काहीच दिसत नाही, रायफल तीच, गोळ्या त्याच, ग्रुप मात्र उजवीकडं सरकलेला. हिशोब करून बघा, ६६ सेंटीमीटरच्या बॅरलचं तोंड फक्त एक दशांश मिलिमीटर हललं तर ५० मीटरवर साडेसात मिलिमीटरचा फरक पडतो, आणि ५० मीटर टार्गेटवर दोन वर्तुळांमधलं अंतर ८ मिलिमीटर आहे. म्हणजे लाकूड केसाएवढं फुगलं तरी एक अख्खा पॉइंट गेला. वर स्टँडिंगला (उभं राहून मारताना) पुढं जड रायफल धरून माझ्यासारखीची कंबर जाते ती वेगळीच. हलका हँडगार्ड घ्या, दोन्ही दुखणी एकदम जातात. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण देऊन बोला.

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, कारण देऊनच बोलतो. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका दाव्याला बांधल्यात. फ्री-फ्लोट पाहिजे यावर वादच नाही. पण फ्री-फ्लोट व्हायला ॲल्युमिनियम लागत नाही, हलकं तर अजिबात लागत नाही. लाकडी स्टॉकची बॅरलची खाच थोडी मोठी करून घ्यायची, आतनं इपॉक्सीनं सील करायची, ॲक्शनखाली बेडिंग (ती घट्ट बसेल असा थर) करायचं, मग पावसाळा काय करतोय? लाकूड फुगतं ते आतनं उघडं सोडलेलं असतं म्हणून. बाहेरनं चकचकीत पॉलिश आणि आत कच्चं लाकूड, बऱ्याच स्टॉकची हीच तऱ्हा.

आणि वजनाबद्दल तर मी पूर्ण उलट मताचा आहे. स्टँडिंगला पुढचं वजन हा त्रास नाही, तो आधार आहे. पुढं वजन असलं की बॅरलचं तोंड सावकाश हलतं, तुम्हाला ट्रिगर दाबायला वेळ मिळतो. पुढनं हलकी केलेली रायफल हृदयाच्या ठोक्यासरशी नाचते. पुरुषांच्या ५० मीटरला ८ किलोपर्यंत मुभा आहे आणि वरच्या पातळीवरचे नेमबाज वजनं काढत नाहीत, उलट पुढं वजनाचे तुकडे लावून बॅलन्स करतात. आपल्या शेजारच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये थ्री पोझिशनला ४५१.४ मारून ब्राँझ आणलं. त्या खेळात नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन (पालथं पडून), स्टँडिंग सगळं येतं, तिथं स्थिर रायफल लागते, हलकी नाही. कंबर दुखत असेल तर जॅकेट आणि पोझिशन आधी तपासा, रायफल कापत बसू नका.

चकवाला (कुपवाड)

मी नेमबाज नाही म्हणजे हौसेपुरता आहे, पोट भरतं सीएनसी मशिनवर, त्यामुळं धातूचं बोलतो. हलका हँडगार्ड घेताना लोक ॲल्युमिनियमची ग्रेड विचारतात, ६०६१ का ७०७५, आणि ७०७५ म्हटलं की जास्त पैसे देतात. ७०७५ ची ताकद जास्त आहे हे खरं, पण वाकायच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखेच, त्यामुळं स्लिंग ओढल्यावर किती वाकणार हे ग्रेडवर ठरतच नाही. ते ठरतं व्यासावर आणि भिंतीच्या जाडीवर. व्यास वाढला की कडकपणा घनाच्या पटीत वाढतो, म्हणून मोठ्या व्यासाची पातळ भिंतीची नळी ही बारीक जाड नळीपेक्षा तेवढ्याच वजनात जास्त ताठ राहते. आणि हलकं करायच्या नादात जिथं तिथं खाचा पाडलेल्या असतात त्या हँडस्टॉपच्या (पुढचा हात अडवणाऱ्या, स्लिंग लावायच्या तुकड्याच्या) जागेपाशी असल्या तर नेमकी तिथंच लवते.

कार्बन फायबर हलकं आणि ताठ दोन्ही असतं पण त्यात आटे नीट धरत नाहीत, स्क्रूसाठी ॲल्युमिनियमचे इन्सर्ट चिकटवलेले असतात, ते सुटले की संपलं.

तपासायची साधी पद्धत सांगतो. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर. ॲक्शन गादी लावलेल्या व्हाइसमध्ये (शिकंजात) धरा, हँडस्टॉपला स्लिंग लावून प्रोनमध्ये ओढता तेवढीच ओढ द्या आणि त्याच वेळी बॅरल-हँडगार्डमधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घाला. ओढ नसताना पाऊण मिलिमीटरचं पान जात होतं आणि ओढल्यावर अर्ध्याचंच जायला लागलं तर तेवढा तो वाकला. टेकला तर फ्री-फ्लोट फक्त नावाला. दुकानातल्या तराजूवरचं वजन बघून काही कळत नाही, शिवाय जाहिरातीत वजन असतं ते बऱ्याचदा नुसत्या नळीचं, स्क्रू, नट, रेल धरलेलेच नसतात.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

@चकवाला दादा, फीलर गेजचं एकदम कामाचं सांगितलंत, उद्याच बघते.

@कृष्णाकाठ, सील केलेलं लाकूड चालतं असं म्हणता, पण ते दर वर्षी कोण बघणार? स्क्रूच्या भोकातनं, स्विव्हलच्या (स्लिंगच्या कडीच्या) बुडातनं ओल आत जातेच. मिरजेतले सतार-तानपुरा करणारे लाकूड वर्षानुवर्षं मुरवतात मगच हात लावतात, आणि आपल्याला कारखान्यातनं आलेला स्टॉक किती मुरलेला असतो ते कुणाला माहीत. ॲल्युमिनियम ओल पितच नाही, विषय संपला. आणि वजन पुढं लागलं तर मी माझ्या मर्जीनं, माझ्या जागी लावीन ना! हलक्या हँडगार्डला वजन लावता येतं, जड लाकडातनं काढता येत नाही. ८ किलोची मुभा आहे म्हणून प्रत्येकानं ८ किलो उचलावं असं थोडंच आहे. माझं वजन आणि सहा फुटी पैलवानाचं वजन एक नाही.

माणदेशी वारा (आटपाडी)

आमच्याकडं पावसाचा प्रश्नच नाय, उन्हाचा आहे. काळा ॲनोडाइज केलेला हँडगार्ड एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या रेंजवर हात लावू देत नाही, आणि त्याच्यावरनं उठणारी गरम हवा थेट साइटच्या (नेम धरायच्या साधनाच्या) पुढ्यात येते, टार्गेट पाण्यात पडल्यासारखं हलायला लागतं. पॉइंट टू टू चं बॅरल स्वतः फार तापत नाही पण ऊन त्या काळ्या धातूला सोडत नाय. लाकडाला हे होत नाही. घ्यायचाच असेल तर वरनं उघडा असलेला, बॅरलवर छप्पर नसलेला घ्या आणि दोन डावांमध्ये पांढरा टॉवेल टाका.

दुसरं म्हणजे १० मीटर एअर रायफलवाल्या पालकांनी हा धागा वाचून धावू नये ही विनंती. तिथं स्लिंगच नसते, स्टँडिंगच मारायचं असतं, वजनाची मर्यादा साडेपाच किलो, आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तिथं पोराची पोझिशन बसवायला पैसे घाला. माझ्याकडं येणारे पालक आधी ॲक्सेसरीज विचारतात, पेलेट (छर्रे) कुठली मारता ते नाही, याचं मला वाईट वाटतं.

रेठऱ्याचा (कराड)

मी यूट्यूबवर बघितलं, एम-लॉकवाले (ॲक्सेसरीज अडकवायच्या खाचांचे) हँडगार्ड सगळ्यात भारी, किती प्रकारचे आहेत, किती हलके. आपल्या एमआयडीसीत कुणीही करून देईल की अशी नळी, ताईंचा पैसा वाचेल.

चकवाला (कुपवाड)

@रेठऱ्याचा भावा, नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही धरलेत. माझ्याकडं मशिन आहे, ड्रॉइंग समजतं, तरी मी हात लावणार नाही, आणि कुणी लायसन नसताना करून देतो म्हणाला तर त्याच्याकडं जाऊ नका. कंपनीचा तयार भाग घ्या, लायसनवाल्या गनस्मिथकडून बसवून घ्या, बिल जपून ठेवा. पॉइंट टू टू ही लायसनची रायफल आहे, ४.५ मिलिमीटरची वीस ज्यूलखालची एअर रायफल नव्हे.

आणि ते अमेरिकन व्हिडिओ एआर-१५ चे असतात. त्यात गॅसची नळी हँडगार्डच्या आतनं जाते, बॅरल तापतं म्हणून हाताला आवरण लागतं, आणि फ्री-फ्लोटवाला हँडगार्ड बॅरल नटवर आवळतात. आपल्या बोल्ट ॲक्शनला त्यातलं काहीच नाही, हँडगार्ड चॅसीला बसतो. तिथली वजनाची तुलना इथं लावून उपयोग नाही. एम-लॉक चांगलंच आहे, २०१४ ला आलं आणि आधीच्या की-मॉड पद्धतीला बऱ्यापैकी मागं टाकलं, पण मॅचच्या हँडस्टॉपला टी-रेल (टी आकाराच्या खाचेची पट्टी) लागते, म्हणजे मधे अडॅप्टर आलाच, आणि तो स्लिंगच्या ओढीनं सरकला तर सगळी पोझिशन बदलते.

पीप साइट (मिरज)

सगळ्यांचं वाचलं. ताईंच्या साडेसात मिलिमीटरच्या हिशोबात एक गोष्ट राहिलीय. तो हिशोब दुर्बीण ॲक्शनवर बसवली असेल तर लागू. पीप साइटवाल्या (बारीक भोकातनं बघून नेम धरायच्या) मॅच रायफलला पुढची साइट बॅरलच्या तोंडावरच असते, तोंड डावीकडं गेलं की साइटही डावीकडं जाते आणि नेमबाज ती परत मध्यावर आणतो, त्यामुळं चुकीचा बराच भाग आपोआप मिटतो. पूर्ण मिटत नाही, कारण वाकलेल्या बॅरलचं टोक साइटच्या रेषेपेक्षा जास्त तिरकं होतं. पण जे म्हणतात 'फ्री-फ्लोट केल्याबरोबर स्कोअर वाढला' त्यांनी आपल्याकडं दुर्बीण आहे का पीप हे आधी सांगावं.

माझा कौल लाकडालाच. स्टॉक गालाला लागतो, खांद्याला लागतो, हिवाळ्यात सकाळी सातला थंड ॲल्युमिनियम गालाला लावून प्रोन मारून बघा. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनच्या वर्ल्ड चॅम्पियन झाल्या, त्या खेळात तासभर पडून एकच पोझिशन जशीच्या तशी धरायची असते. तिथं दोनशे ग्रॅम कमी-जास्त कोण विचारतो.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

गालाला तर चीकपीस (गाल टेकायचा वेगळा तुकडा) असतो, हँडगार्ड गालाला कुठं लागतोय दादा! आणि माझी दुर्बीणच आहे, म्हणून हिशोब तसाच राहतो.

वजनावर मी हलणार नाही. प्रोनमध्ये रायफल स्लिंगवर आणि कोपरांवर असते, तिथं जड चालेल. स्टँडिंगला ती माझ्या कंबरेच्या हाडावर असते, आणि विसाव्या शॉटला थकलेलं अंग कसल्याच वजनानं स्थिर होत नाही. मोठा व्यास, पातळ भिंत, हँडस्टॉपपाशी खाच नसलेली, वरनं उघडी, कंपनीची, हे सगळं मान्य, यादीत लिहून घेतलं. पण हलकीच घेणार.

कृष्णाकाठ (सांगली)

घ्या. फक्त बसवल्यावर पहिले दोन महिने पुढं वजन लावून आणि काढून, दोन्ही पद्धतीनं स्टँडिंगचे वीस-वीस शॉट मारा आणि टार्गेट ठेवून द्या. ग्रुपचा आकार बघा, स्कोअर नको. आणि ॲक्शन स्क्रू दर वेळी टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं) एकाच मापाला आवळा, नाहीतर फरक स्क्रूचा आणि नाव हँडगार्डचं. पुढच्या महिन्यात बालेवाडीला मी माझा सील केलेला लाकडी स्टॉक घेऊन येतोय, चकवाला भाऊंनी गेज आणावं, दोन्ही रायफलींना स्लिंग लावून समोरासमोर मोजू.