पत्रकारिता शिकताना काम कसं जमवलंत, ऑनलाइन नाव कसं झालं? इंदूरकरांनो, अनुभव लिहा

भाची देवी अहिल्या विद्यापीठात पत्रकारिता शिकतेय. जो भेटतो तो तिला सांगतो की ऑनलाइन दिसायला पाहिजे, पण दिसायचं म्हणजे रोज उठून नेमकं काय करायचं? आपल्यातले बरेच जण या लाइनमध्ये आहेत, नवे पण आणि मुरलेले पण. उपदेश नको, स्वतः काय केलंत ते लिहा, नावाऐवजी आपल्या भागाचं नाव चालेल.

रामबाग :
मी आत्ताच एका न्यूज पोर्टलला लागले. मुलाखतीत मार्कशीट नंतर बघितली, आधी म्हणाले कामाच्या लिंक पाठवा. ई-पेपरच्या लिंका काही दिवसांनी उघडतच नाहीत, म्हणून बातमी आली की त्याच दिवशी पानाची पीडीएफ ठेवायची आणि वेबवर असेल तर वेबॅक मशीनवर (वेब पानांच्या प्रती जपून ठेवणारी साइट) सेव्ह करून टाकायची ही सवय मी पहिल्या वर्षापासून लावली होती. गूगल साइट्सवर फुकटात पान बनतं. पण आपलं सगळंच तिथे चढवू नका, मी मोजक्याच बातम्या ठेवल्यात आणि प्रत्येकीखाली दोन ओळी, की यात माझं काम काय, फोटो कोणाचा, आकडे कुठून काढले, कोणाशी प्रत्यक्ष बोलले. संपादकांनी नेमक्या त्याच ओळी वाचल्या आणि त्यावरच प्रश्न विचारले.

सुदामानगर :
पावसाळ्यात घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, राजवाड्यावर गाड्या वाहून चालल्यात म्हणून. आत्या तर रडवेली झाली कारण दादा तिकडेच गेला होता. मी तो थांबवत थांबवत बघितला तर गाड्यांच्या नंबरप्लेटवर जीजे 06, म्हणजे बडोदा, आपला एमपी 09. मागे दुकानाची पाटी गुजरातीत. मग एक फ्रेम काढून गूगल लेन्सला, म्हणजे चित्रावरून शोधतात तिथे, टाकली, तोच व्हिडिओ आधीच्या पुराचा म्हणून सापडला. नुसतं "फेक आहे" लिहून काय होतं, लोक विसरतात. मी स्क्रीनशॉटवर लाल गोल करून कुठे काय बघितलं ते क्रमाने टाकलं. आता ओळखीचे-अनोळखी सगळे मला व्हिडिओ पाठवतात, "हे खरं आहे का रे?" फॉलोअर फार नाहीत, पण मला लोक याच कामासाठी ओळखतात आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

परदेशीपुरा :
आमचा भाग मिल कामगारांचा. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांची थकबाकी, 224 कोटी, मिळायला डिसेंबर 2023 उजाडलं. पैसे द्यायचा कार्यक्रम झाला त्या दिवशी सगळ्यांकडे त्याचीच बातमी होती. मी गल्लीतल्या एका आजींकडे गेले, त्यांचे मिस्टर वाट बघता बघता वारले. त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, आत मिलचं ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, कोर्टाच्या तारखा लिहिलेली छोटी वही, सगळं घडी घालून. मी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि फक्त ऐकत राहिले. आधी पंखा बंद केला, खिडकी लावली, कारण चित्र थोडं हललं तर चालतं पण आवाज खराब असला की कोणी पुढे बघत नाही. त्यांचा फोटो टाकण्याआधी त्यांना दाखवला आणि "हो" म्हणाल्या तेव्हाच टाकला. पुढे अनंत चतुर्दशीच्या झांक्यांवर, म्हणजे मिल कामगारांच्या चित्ररथांवर, काम करायचं होतं तेव्हा जुन्या कामगारांनी स्वतःहून घरी बोलावलं, ओळख त्या आजींच्या व्हिडिओची. मला वाटतं नाव आधी गल्लीत व्हावं लागतं.

राजेंद्रनगर :
मुलींसाठी लिहितेय. कामाचं अकाउंट वेगळं, घरचं वेगळं आणि लॉक. कामासाठी दुसरं सिमकार्ड. लाइव्ह लोकेशन कधीच नाही, ठिकाणावरून निघाल्यावरच पोस्ट. टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड) चालू ठेवा. आणि फुकटच्या इंटर्नशिपबद्दल : एका ठिकाणी माझे व्हिडिओ महिनोन्‌महिने माझ्या नावाशिवाय चालले, खूप राग आला होता. आता सुरुवातीलाच मेलवर लिहून घेते की बायलाइन, म्हणजे कामावर माझं नाव, मिळेल आणि काम पोर्टफोलिओत दाखवता येईल. तोंडी कबुलीला काही अर्थ नसतो पोरींनो.

लोकमान्यनगर :
मी निवृत्त, पेपरच्या डेस्कवर बातम्या तपासण्यात आयुष्य गेलं. मराठी घरातल्या पोरांना वाटतं हिंदीत आपण कमी पडू. अरे, इंदूरच्या नईदुनियाचे संपादक राहुल बारपुते आपल्यातलेच ना! 1947 साली सुरू झालेल्या त्या हिंदी पेपरात राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी असे हिंदीतले मोठे संपादक घडले. लिहिलेलं मोठ्यांदा वाचा, जीभ अडखळली की वाक्य तोडा. नावाचं स्पेलिंग त्या माणसालाच विचारा. आणि माहिती अधिकार शिका, 2005 चा कायदा आहे, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या वॉर्डातल्या एका रस्त्यावर किती खर्च झाला एवढंच विचारा, प्रश्न जितका नेमका तितकं टाळणं अवघड. आलेला कागद स्कॅन करून बातमीसोबत जोडा, वाचणारा स्वतः पडताळू शकतो. आमच्या वेळी ही सोय नव्हती, तुम्हाला आहे तर वापरा की.

धागाकर्ती :
काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतलाय, आमच्या कॉलनीच्या ड्रेनेजवर. परदेशीपुऱ्याच्या ताई, एवढंच सांगा, तुम्ही कॉलरचा माइक वापरता की फोनचाच?