विचारून तर बघा

शाळेत कसं शिकवावं हे मुलांनाच विचारावं, असं म्हटलं की काही जण म्हणतात, मुलं ‘गृहपाठ कमी करा’ एवढंच सांगतील. मला हे अजिबात पटत नाही. विचारायची मोकळी सोय हवी. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात ती होती. मुलं ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्रं लिहून मनातले प्रश्न विचारायची, आणि त्यांना उत्तरं यायची! प्रयोग गटागटाने मुलांनीच करायचे, परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला, याची फार हळहळ वाटते.

मी आठवीला विज्ञान शिकवते. माझ्या वर्गाची पहिली मागणी होती : प्रयोग आधी, व्याख्या नंतर. आम्ल-आम्लारीचा धडा तसा घेतला, तर पोरं घरून हळद, चिंच, खायचा सोडा आणि जास्वंदीची फुलं घेऊन आली.