‘द्रव धातू उत्प्रेरक’ की ‘धातुरस’?

प्रश्न (जोडभावी पेठ, सोलापूर) : भाचीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फलक लिहितोय. विषय : गॅलियम वापरून पाण्यापासून हायड्रोजन. (गॅलियम हा धातू अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला चोळून तो पत्रा पाण्यात टाकायचा.) गॅलियम इथे उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवणारा; मग ‘द्रव धातू उत्प्रेरक’ चालेल का? शेजारच्या काकांनी ‘वितळलेला धातू’ सुचवलं, आईने ‘विरजण’.

उत्तर : ‘वितळलेला’ म्हटलं की भट्टी डोळ्यांपुढे येते. गॅलियम २९.७६ अंश सेल्सियसलाच वितळतं. आपल्याकडे चैत्र लागला की कपाटातल्या बाटलीत ते आपोआप पातळ होऊन बसतं. माझ्या मामाची ओतशाळा होती. तिथे साच्यात ओतायच्या धातूला सगळे ‘रस’च म्हणायचे. रस तापलेलाच हवा असंही नाही. पारा थंडच असतो, तरी आयुर्वेदात तो रस, आणि रसशास्त्र हे नाव त्यावरूनच. म्हणून मी ‘धातुरस’ लिहीन.

शिवाय ‘द्रव धातू उत्प्रेरक’ हे तीन शब्द नुसते एकापुढे एक ठेवलेत, त्यांचं नातं कळत नाही. पितळेचं पातेलं म्हणजे पातेलंच पितळेचं; पातेल्याची कल्हई म्हणजे पातेल्याला केलेली. धातूसाठी उत्प्रेरक की धातू हाच उत्प्रेरक? इथे दुसरा अर्थ हवा. ‘उत्प्रेरक धातुरस’ म्हटलं की शंका उरत नाही.

आणखी एक : पण यात अ‍ॅल्युमिनियम संपतं ना? मग उत्प्रेरक कसला?

उत्तर : अ‍ॅल्युमिनियम संपतंच, म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणायचं नाही. एरवी हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि पाणी आत पोचत नाही. गॅलियम धातूच्या कणांमधल्या सांध्यांत शिरतं, मग ती साय टिकत नाही. पत्र्याच्या तुकड्यावर थेंब चोळून, मुरू देऊन तो पाण्यात टाका : बारीक बुडबुड्यांची रांग लागते, पाणी गढूळ पांढरं होतं आणि गॅलियम तळाशी पुन्हा गोळा होतं. (खिडकी उघडी ठेवा, आसपास काडी ओढू नका.) एक किलो अ‍ॅल्युमिनियम पूर्ण खर्ची पडलं तर सुमारे ११२ ग्रॅम हायड्रोजन मिळतो. तेव्हा फलकावर नुसतं ‘पाण्यापासून’ नको. अ‍ॅल्युमिनियम बनवताना लागलेली वीजच इथे कामी येते.

आईंचा ‘विरजण’ शब्द मला फार आवडला. थोडंसं घालायचं आणि पुष्कळ घडवायचं, हे त्यात नेमकं आलंय. फक्त विरजण दुधात वाढतं, गॅलियम होतं तेवढंच राहतं.

प्रश्नकर्ता : फलक रंगवून झाला. ‘अ‍ॅल्युमिनियम आणि पाण्यापासून हायड्रोजन. उत्प्रेरक : गॅलियमचा धातुरस.’ आईने एका दमात वाचला.